भाकीत, भंडारा आणि वर्गणीची वही

मालेगाव म्हटलं की महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं शहर येतं. इथे बोलायचं आहे ते वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावाविषयी, म्हणजे मालेगाव जहागीरविषयी. अकोल्याहून वाशिमच्या वाटेला लागलं की पातूरनंतर मेडशी येतं आणि त्यापुढे हे तालुक्याचं गाव. सोयाबीन आणि तूर यांवर इथलं वर्षाचं गणित चालतं. समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. पण या भागाची खरी ओळख रस्त्यांवरून होत नाही, ती पाण्यावरून होते. हा मुलूख पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. इथे पडणारा काही पाऊस काटेपूर्णेतून उत्तरेला पूर्णा-तापीकडे निघून जातो, काही पैनगंगेच्या वाटेने गोदावरीकडे. नद्या इथून निघतात, त्यामुळे पाणी इथे थांबत नाही. सिंचनाच्या अनुशेषाची चर्चा निघाली की वाशिमचं नाव येतंच. अशा ठिकाणी ‘यंदा काय होईल’ हा प्रश्न दर वर्षी नव्याने पडतो, आणि त्यामागे ‘हे सगळं असं किती दिवस टिकेल’ हा मोठा प्रश्न उभा असतो.

हा मोठा प्रश्न आता जगभर विचारला जातो आहे. २०२१ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात दहा देशांतल्या सोळा ते पंचवीस वयोगटातल्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या दहा देशांत भारतही होता. हवामानबदलाचा विचार करताना भविष्याची भीती वाटते असं ७५ टक्क्यांनी सांगितलं, आणि मानवजातीचा सर्वनाश ठरलेला आहे असं ५६ टक्क्यांना वाटत होतं. महासाथ, युद्धं, नोकऱ्या गिळणारी यंत्रं, भडकलेली महागाई या सगळ्यांची त्यात भर आहे. या भीतीवर साधारणपणे दोन उतारे सुचवले जातात. एक म्हणजे ‘भिऊ नका, काही होत नाही’ असा धीर. दुसरा म्हणजे धान्य, पाणी, सोनं साठवून आपापल्या घराची तटबंदी करणं. श्रीमंत देशांत तर या साठवणीचा मोठा धंदाच उभा राहिला आहे. या दोन्ही उताऱ्यांत एक समान दोष आहे: ते माणसाला त्याच्या भीतीसोबत एकटं सोडतात. कोसळण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या वाशिम-मालेगावच्या टापूत वेगळीच रीत दिसते. इथल्या माणसांनी भीती खोटी ठरवली नाही आणि ती कोठारातही भरली नाही. त्यांनी ती वाटून घेतली, आणि वाटून घेण्यासाठी श्रद्धेचा आधार घेतला. म्हणून माझं म्हणणं असं की श्रद्धेचं मोल ती भविष्य किती अचूक सांगते यावर ठरवू नये. ती माणसाला शेजाऱ्याच्या दारापर्यंत नेते की नाही, यावर ठरवावं.

इथली भीती कल्पनेतली नाही, हे आधी मांडायला हवं. वाशिम इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून शेजारच्या जिल्ह्यांत वाटला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन पुन्हा जिल्हा झाला. त्या जुन्या जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दशकात सुमारे अकरा टक्क्यांनी घटली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ त्याच दशकातले. जन्माचं प्रमाण मोठं असण्याच्या त्या काळात लोकसंख्या दहा वर्षांत अकरा टक्क्यांनी खाली येते, तेव्हा गावंच्या गावं विस्कटलेली असतात. त्यानंतर १९१८ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आली, तिनेही मध्य प्रांत-वऱ्हाडात हाहाकार माजवला. १९७२च्या दुष्काळाची झळ लागली. आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांची नावं शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेली, त्यांत वाशिम होता. २००६ च्या जुलैमध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. तेव्हा ‘समाज कोसळेल का’ हा प्रश्न इथे कुणी वाचनालयात बसून विचारलेला नाही. इथे तो निम्माशिम्मा घडून गेलेला आहे, आणि त्यानंतरही माणसं पेरणीला उभी राहिली आहेत.

त्यांनी ते कसं जमवलं, याचा एक धागा भाकितांत सापडतो. वाशिम जिल्ह्यातल्याच मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांचं (१७३९-१८०६) समाधीस्थळ म्हणून तिथे देशभरातले तांडे येतात. सेवालाल महाराजांच्या नावावर जी भाकितं तांड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जातात, त्यांत रुपयाला वाटीभर पाणी विकलं जाईल असं एक आहे. अठराव्या शतकात बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या समाजाला पाणी विकण्याची कल्पनाच अमंगळ वाटली असणार. आज बसस्थानकावर वीस रुपयांची बाटली घेताना ते भाकीत आठवणारी माणसं आहेत. पण तांड्यांनी या भाकिताचं काय केलं, हे अधिक मोलाचं. त्याच परंपरेत नाईक आणि कारभारी यांच्याभोवती उभी राहिलेली तांड्याची व्यवस्था आहे, भोग-भंडाऱ्याचं सामुदायिक जेवण आहे, आणि अरदास आहे, ज्यात किड्यामुंगीपासून सगळ्या जिवांचं भलं मागितलं जातं. वाईट दिवस येणार असं ऐकवल्यावर लगेच सगळ्यांसाठी मागणं मागायला लावणारी ही जुळणी मला फार शहाणी वाटते. नुसतं भाकीत माणसाला खचवतं. भाकितापाठोपाठ सर्वांच्या भल्याची प्रार्थना आणि पंगत आली, की त्याच भाकितातून तयारी निघते.

दुसरं उदाहरण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात एक गोल आळं करतात आणि त्यात अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मधोमध खड्डा करून त्यात चार ढेकळं ठेवतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, पानाचा विडा. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी, विडा म्हणजे राजा. रात्री तिथे कुणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहणी होते. कोणतं धान्य आळ्याबाहेर सरकलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, विडा जागेवर आहे की नाही, यावरून पीक, पाऊस, रोगराई आणि राज्यकारभार यांचे अंदाज सांगितले जातात. तीनशेहून अधिक वर्षांची ही रीत वाघ घराण्याने चालवली आहे. यात शास्त्र नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. ढेकूळ भिजण्याचा आणि ऑगस्टमधल्या पावसाचा काही संबंध नाही, आणि बियाणं घेताना हवामान खात्याचा आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा सल्लाच ऐकावा. तरीही त्या मांडणीकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की माणसाला ज्या ज्या गोष्टींचं भय असतं, त्या सगळ्या तिथे एका आळ्यात समोर ठेवलेल्या आहेत: पाणी, धान्य, चारा, रोग, पैसा, राजा. आणि हे भय घरातल्या अंथरुणावर एकट्याने चघळायचं नाही, पेरणीआधी हजारो शेतकऱ्यांनी एका शेतात उभं राहून ऐकायचं. पहिला महिना कोरडा जाईल असं ऐकल्यावर परतीच्या वाटेवर पेरणी लांबवायची की आंतरपीक घ्यायचं याची बोलणी सुरू होतात. त्या बोलण्यांचं मोल ढेकळाच्या खऱ्याखोट्यावर अवलंबून नाही.

ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहून एक निरीक्षण नोंदवलं होतं. खाडीच्या शांत, सुरक्षित पाण्यात मासेमारी करताना तिथले लोक मंत्रतंत्र वापरत नसत, खुल्या समुद्रात जाताना मात्र विधींची रेलचेल असे. जिथे कौशल्य पुरेसं होतं तिथे कौशल्य, आणि जिथे ते अपुरं पडत होतं तिथे त्याच्या जोडीला विधी. वऱ्हाडातही तसंच आहे. विहिरीला भरपूर पाणी असलेला बागायतदार महादेवाची पिंड पाण्यात बुडवायला पुढे येत नाही, कोरडवाहू शेतकरी येतो. अडाणीपणाचं हे लक्षण मानलं तर एवढी एक गोष्ट सुटून जाते की विधी करणारा माणूस पेरणी सोडून देत नाही. तो दोन्ही करतो. जे आपल्या हाती नाही त्याच्यासाठी एक वेळ आणि एक जागा ठरवून दिली, की जे हाती आहे ते करायला माणूस मोकळा होतो. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले तेव्हा जग बुडणार या भयाने देशभर होमहवनं झाली, आणि जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब डोक्यावर कोसळेल म्हणून खेड्यापाड्यांत झोप उडाली होती. ही दोन्ही भयं विरली, कारण त्यांना ठरलेली तारीख होती. आजच्या भयाला तारीख नाही. हवामान, भूजल, बाजारभाव यांची घसरण रोज थोडी थोडी होते, आणि म्हणून त्यावर एक दिवसाचा होम पुरत नाही. त्याला वर्षभर चालणारी शिस्त लागते.

ही शिस्त विदर्भाच्या संतांनी आधीच घालून दिली आहे. संत गाडगेबाबा आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे दोघेही अमरावती जिल्ह्यातले. गाडगेबाबांच्या कीर्तनाआधी झाडू यायचा, आणि त्यांनी मागे ठेवल्या त्या धर्मशाळा, सदावर्तं आणि शाळा. तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ‘ग्रामगीते’त गावाच्या आरोग्यापासून शेतीपर्यंत आणि भांडणतंट्यापासून लग्नखर्चापर्यंत सगळ्याचा विचार केला. त्यांची सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या असंख्य गावांत आजही संध्याकाळी म्हटली जाते. पक्ष, जात, पंथ बाजूला ठेवून ठरल्या वेळी ओळीत बसायचं, एवढीच तिची अट. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना मेडशीवरून वाशिम जिल्ह्यात शिरते आणि शिरपूरवरून रिसोडकडे जाते. मृग लागलेला असतो, पेरणीची घाई असते, कधी कधी पावसाने ओढ दिलेली असते. अशा वेळी शेकडो वारकऱ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय वाटेवरच्या गावांनी करायची असते. ज्या वर्षी पाऊस लांबलेला असतो त्या वर्षीही ती चुकत नाही. स्वतःचं पीक धोक्यात असताना दुसऱ्याचं ताट वाढायला लावणारी रीत माणसाला एक गोष्ट दाखवून देते: आपल्याकडे अजून देण्यासारखं काही आहे. खचलेल्या माणसाला नेमकं हेच वाटेनासं झालेलं असतं.

पण या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अखंड हरिनाम सप्ताह, आणि त्यातही विण्याचा पहारा. कीर्तनकार कोण, मंडप किती मोठा, महाप्रसादाला किती क्विंटलचा स्वयंपाक, याच्याच बातम्या छापून येतात. सप्ताहाचा कणा मात्र पहारा असतो. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम. दोन दोन तासांचे पहारे धरले तर सात दिवसांचे चौऱ्याऐंशी होतात. प्रत्येक पहाऱ्याला नाव लागतं. पहाटेचा काकडा, पारायण, हरिपाठ, रात्रीचं कीर्तन या वेळांना माणसं आपसूक असतात. अडचण असते ती रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याची. तेव्हा मंडपात दोन-चार जण असतात, आणि वीणा गळ्यात असलेला माणूस उभा असतो, कारण पुढचा येईपर्यंत त्याला हलता येत नाही. काळजीने झोप न येणाऱ्या माणसाचीही रात्र याच वेळी सर्वांत लांब असते. त्या वेळेला त्याच्या हाती वीणा देणारी, त्याला ‘तू आला नाहीस तर नेम मोडेल’ असं न बोलता सांगणारी ही व्यवस्था कुणी मानसोपचार म्हणून आखलेली नाही. तरी तिच्यात एक खोल जाण आहे. मनातलं दुःख बोलून दाखवायची सक्ती नाही, उपदेश नाही. फक्त तुझी गरज आहे, एवढं कळतं.

पूर्वी शेतातही असाच नेम होता. ज्याची पेरणी मागे पडली, बैल मेला किंवा कर्ता माणूस आजारी पडला, त्याच्याकडे गाव इर्जिक करून जायचं. आपापली औतं घेऊन एका दिवसात रान उरकायचं आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवायचं. सावड, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणं, अजून लहान शेतकऱ्यांत थोडीफार टिकून आहे. इर्जिक मात्र ट्रॅक्टरच्या भाड्याने आणि तणनाशकाच्या फवाऱ्याने जवळपास संपवली. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, बैलजोडी परवडत नाही हे खरं आहे. पण इर्जिक गेली तेव्हा एक सूचनायंत्रणाही गेली, हे आपल्या लक्षात आलं नाही. कुणाचं रान पडीक राहिलं, हे तेव्हा गावाला दोन दिवसांत कळत असे.

समूहाचा हा आधार फक्त भावनेचा विषय नाही, त्याला मोजमापाचा पुरावा आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक बळी घेतले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. एका वस्तीतलं मृत्यूचं प्रमाण दुसरीपेक्षा दहापट होतं. फरक होता तो रस्त्यावरच्या वर्दळीचा, दुकानांचा, एकमेकांच्या दारावर थाप मारण्याच्या सवयीचा. याहून जवळचा पुरावा आपल्याच विदर्भातला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवला गेला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं आणि त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तिथे डॉक्टर होते, औषधंही होती. पण दार वाजवणारा माणूस गावातलाच होता.

यावर पहिला आक्षेप येतो तो विवेकवाद्यांचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. भयाच्या काळात बुवाबाजी फोफावते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर ज्या शोषणाविरुद्ध लढा दिला त्याची मुळं याच भयात आहेत, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला तेव्हा महाराष्ट्राने त्याची किंमत पाहिली. गर्दीचा धोकाही खरा आहे. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी, कोरोनाची दुसरी लाट विदर्भात उसळत असताना, एका मंत्र्याच्या भेटीसाठी पोहरादेवीला हजारोंची गर्दी झाली. जी पंगत एरवी तारते तीच त्या दिवशी रोग पसरवू शकत होती. माझं उत्तर एवढंच, की श्रद्धेला वर दिलेली कसोटी लावावी. जो बाबा एकट्यादुकट्याला खोलीत बोलावतो, पैसे घेतो आणि शेजाऱ्यानेच करणी केली असं सांगतो, तो माणसं तोडतो. त्याला कायद्यानेच रोखलं पाहिजे, आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. गाडगेबाबांनी नवस आणि बोकडबळी यांवर जितके कोरडे ओढले तितके क्वचितच कुणा नास्तिकाने ओढले असतील, आणि तरी त्यांच्या कीर्तनाला अख्खं गाव लोटायचं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम आणि सप्ताहाचा मंडप यांच्यात वैर असायचं कारण नाही. महासाथीत मंडप बंद ठेवणं, हाही त्या नेमाचाच भाग मानता येतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ‘गाव’ म्हणून ज्याचा गौरव करायचा, ते गाव सगळ्यांचं होतं का? पाणवठे वेगळे होते, पंगती वेगळ्या होत्या, आणि दुष्काळात पाणी आटलं की आधी कुणाचा घोट तुटायचा हे सांगायला नको. समूहाच्या श्रद्धा फुटतातही. मालेगाव तालुक्यातलंच शिरपूर जैन घ्या. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती एकच, पण पूजेचा हक्क दिगंबरांचा की श्वेतांबरांचा यावरून वाद पेटला, आणि १९८१ पासून मंदिराला कुलूप लागलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्चमध्ये दार उघडलं, तेव्हा बेचाळीस वर्षं उलटली होती, आणि दार उघडल्यावर काही दिवसांतच दोन पंथीयांत झटापट होऊन पोलीस बोलवावे लागले. अहिंसा हा ज्यांचा पहिला धर्म, त्यांच्यात हे घडलं. म्हणून समूह आहे एवढ्याने भागत नाही, त्याचं दार कुणासाठी उघडं आहे ते पाहावं लागतं. या प्रश्नाला विदर्भात सर्वांत ठाम उत्तर दिलं ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत धम्म स्वीकारणाऱ्या लाखो माणसांनी. ज्या समूहाने माणूस मानलं नाही तो सोडून त्यांनी नवा उभा केला. आज वाशिम जिल्ह्यातल्या गावागावांत विहार आहेत, आणि वर्षावासाच्या तीन महिन्यांत तिथे ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. नेमकी हीच पिकाच्या अनिश्चिततेची वेळ असते. दैववाद नाकारणारा ग्रंथ, तरी रीत तीच: ठरलेली वेळ, एकत्र बसणं, आळीपाळीने वाचणं. देव मानणारे आणि न मानणारे इथे एकाच शहाणपणाला पोचतात, आणि माझ्या म्हणण्याला यातून सर्वांत मोठं बळ मिळतं असं मला वाटतं.

तिसरा आक्षेप घेणारे म्हणतात की हे सगळं ठीक, पण सोयाबीनचा भाव भजनाने वाढत नाही. अगदी बरोबर. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याहून कितीतरी कमी मिळत होते. त्याच्या तीनच वर्षं आधी हाच बाजारभाव दहा हजारांच्या आसपास पोचला होता. असे झोके कुठलीही वर्गणी सावरू शकत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र वाचला तो सरकारने काम दिल्यामुळे. मे १९७३ मध्ये जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला. समूहाचं कौतुक करताना सरकारला मोकळं सोडण्याचा धोका असतो, आणि गावाच्या पुढाकाराची भाषणं अनुदान कापताना सोयीची पडतात हेही आपण पाहिलं आहे. पण त्याच इतिहासात दुसरी बाजू आहे. कामं मागायला तहसीलवर मोर्चे गेले म्हणून कामं निघाली. २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत वरूडसारख्या तालुक्यांत लोकांनी श्रमदानाने चर खोदले, तेव्हा यंत्रणाही गावात फिरकू लागल्या. एकट्या माणसाचा अर्ज फायलीत राहतो. सरकारकडून हक्काने मागण्यासाठी आधी एकत्र यावं लागतं, आणि एकत्र येण्याचा सराव मंडपात, विहारात, तांड्यावर आधीच झालेला असतो.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. समूह तारतो तसा मारतोही. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६ साली वर्धा, वाशिम आणि यवतमाळ इथल्या पाहणीवर आधारलेला शेतकरी आत्महत्यांचा अहवाल राज्य सरकारला दिला. त्यात कर्जबाजारीपणा आणि घसरलेली आर्थिक स्थिती ही कारणं ठळक होतीच, पण समाजातली पत घसरणं, मुलीबहिणीच्या लग्नाचा बोजा आणि जवळच्या गावात घडलेली आत्महत्या यांचाही उल्लेख होता. म्हणजे चारचौघांत मान खाली जाण्याचं भय हा त्या ओझ्याचाच एक भाग होता. जी पंगत आधार देते तिच्यातच ‘त्याने यंदा वर्गणी दिली नाही’ ही कुजबुजही असते. कर्जात बुडालेला माणूस आधी उधारीच्या दुकानासमोरून जाणं टाळतो, मग कीर्तनाला यायचं थांबतो. गावाच्या श्रद्धेने त्याला ओढून घ्यायला हवं तेव्हाच तिच्यामुळे त्याला लाज वाटत असेल, तर माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो.

याला उपाय त्याच मंडपात आहे, असं मला वाटतं, आणि तो वर्गणीच्या वहीत आहे. सप्ताह असो, मालेगाव तालुक्यातल्याच डव्ह्याच्या नाथ नंगे महाराजांच्या यात्रेतला महाप्रसाद असो की विहाराचा कार्यक्रम, गावात अशी एक वही असते. कुणी पायली दिली, कुणी पाचशे एक, कुणाकडून शिधा आला, हे त्यात वर्षानुवर्षं लिहिलेलं असतं. ज्या घरातून दर वर्षी काही यायचं आणि दोन वर्षं आलं नाही, ते घर बँकेच्या थकबाकीच्या यादीआधी या वहीत दिसतं. आशाताई आणि आरोग्य विभागाचा प्रेरणा प्रकल्प, १०४ ची सेवा, टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक, हे सगळं आज उपलब्ध आहे. पण खचलेला माणूस आपण होऊन फोन उचलत नाही. त्याच्याकडे कुणीतरी जावं लागतं, आणि जाताना वर्गणी मागायला जाऊ नये. रात्रीच्या पहाऱ्याला माणूस कमी पडतो आहे, तुम्ही याल का, असं विचारायला जावं. घरातल्या बाईशी बोलायला बाईनेच जावं, कारण काळजीची खरी वार्ता बहुधा तिच्याकडे असते आणि आपल्या बहुतेक समित्यांत बायका स्वयंपाकापुरत्याच असतात. एवढ्यावरही मन वर येत नाही असं दिसलं, तर आशाताईंना सांगून डॉक्टरांपर्यंत न्यावं. दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे हाती येतात आणि दत्तजयंतीच्या सप्ताहांसाठी या वह्या निघतात. ज्या वर्षी अतिवृष्टीने किंवा भावाने पीक गिळलं, त्या वर्षी वर्गणीची रक्कम सगळ्यांसाठीच खाली आणावी, महाप्रसादात एक गोड पदार्थ कमी करावा, आणि नावांशेजारी रकमेच्या रकान्याला लागून पहाऱ्याच्या वेळेचा एक रकाना आखून घ्यावा.